बटण टायर आणि करवंदीची काटी

श्रावण लागल्याचं यंदा मला मागच्या टायरनं सांगितलं. भूगावच्या उतारावर ओलं काँक्रीट उन्हात चमकत होतं, तेवढ्यात वरून एक सर आली. मी ब्रेक दाबला आणि मागचं चाक वीतभर बाजूला सरकून थांबलं. पडले नाही. पाय टेकवून उभी राहिले. मागच्या कारवाल्यानं हॉर्न वाजवला. त्याला मी जे म्हणाले ते इथे लिहीत नाही. मग वाकून टायर बघितला. गेल्या श्रावणात बसवलेला बटण टायर. तेव्हा त्याच्यावर बोटाच्या पेराएवढी रबराची बटणं होती, चिखल धरून ठेवणारी. आता मधली रांग झिजून सपाट झाली होती, कडेची तेवढी शाबूत. म्हणजे वर्षभर मी सिमेंटवरून आणि डांबरावरूनच फिरले. ज्या चिखलासाठी तो घेतला होता, त्या चिखलात तो जेमतेम तीन आठवडे गेला.

ते तीन आठवडे अजून माझ्या अंगावरून उतरलेले नाहीत.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात होते तेव्हापासून. टेकड्या फोडणं, ओढे बुजवणं, गायरानं हडपणं, जिथे जे चालू असेल त्यावर. भूगावात एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगचं काम करते, तिथेच छापते, आणि इलेक्ट्रिक सायकलच्या मागच्या पिशवीत घालून वाटते. पत्रकात ऋतू नसतो. वर मथळा असतो, खाली मागण्या असतात, आणि मध्ये कुठेतरी ‘तात्काळ’ हा शब्द असतोच. तो नसला तर पत्रक अर्धं वाटतं. त्यामुळे असं एखाद्या हंगामाबद्दल लिहायला बसलं की हात अवघडतो. दर चार ओळींनी खाली आकडे घालून मागण्या लिहाव्याशा वाटतात. पण या हंगामाकडे मागायचं काही नाही. उलट त्याचंच माझ्याकडे काही राहिलं आहे.

टायरचं दुकान नौशादभाईचं. भूगावात नव्या इमारतींच्या रांगेत, एका जिमच्या खाली. तो मूळचा उत्तरेकडचा, इथे येऊन दहा-बारा वर्षं झाली, मराठी आणि हिंदीची एकच भाषा करून बोलतो. भिंतीवर टायर टांगलेले. गुळगुळीत, बारीक नक्षीचे, मोठ्या बटणांचे. दुकानात नव्या रबराचा वास, आणि पाऊस असला की त्यात ओल्या पोत्याचा. त्यानं माझी सायकल एका हातानं उचलून स्टँडला लावली. वजनाला हलकी आहे, सतरा किलो. हलकी म्हणूनच घेतली होती, खांद्यावर टाकता यावी म्हणून.

“मॅडम, ये तो गया,” तो म्हणाला. “परत बटणवाला टाकू?”

“काय टाकू, तेच कळत नाहीये.”

“ऐसा नहीं चलता. टायर बाद में. आधी सांगा, जाना कहाँ है?”

साधा प्रश्न. गेल्या वर्षीही त्यानं हाच विचारला होता. गेल्या वर्षी मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले होते, बांधावरून.

माझा रस्ता एका जातीचा नाही, ही खरी अडचण. भूगावात काँक्रीट. त्यावर बटण टायर लावला की चाकातून भुंग्यासारखा आवाज येत राहतो आणि बॅटरी डोळ्यांदेखत खाली जाते. पिरंगुटकडे डांबर, त्यावर ट्रकांनी सांडलेलं तेल, पावसात त्या तेलाला इंद्रधनुष्याचे रंग येतात आणि गुळगुळीत टायर त्यावरून माशासारखा निसटतो. घोटावड्याला कारखान्यांचे कंटेनर वळतात तिथे डांबराच्या वळ्या पडल्यात. घोटावडं माझं गाव. आमच्या खाचरांवर आता पत्र्याच्या शेड आहेत आणि आमच्या घराच्या तीन खोल्यांत कारखान्यातली मुलं भाड्यानं राहतात. मी लहान असताना आमच्याकडे शेवटचं भात झालं. त्यानंतर भात म्हणजे पोतं. मग रिह्याच्या खोऱ्याकडे वळलं की डांबर संपून मुरूम, मुरूम संपून तांबडा चिखल. आणि चिखलाच्या शेवटी बबनतात्यांच्या खाचरांतून गेलेला तो बांध.

एकाच टायरनं हे सगळं कसं जायचं? हवा कमी केली की चिखलात चाक धरतं, पण काँक्रीटवर सायकल आजारी म्हशीसारखी चालते. हवा ठासून भरली की काँक्रीटवर पळते आणि मुरमावर दात वाजवते. मी पंप घेऊन फिरायचे. घोटावड्याला हवा सोडायची, परतताना भरायची. सिमेंटवरून चालणाऱ्यांच्या सोयीनं रस्ते झाले, सिमेंटवरून चालणाऱ्यांच्या सोयीनं सायकली झाल्या, आणि जिथे सिमेंट संपतं तिथल्या माणसानं आपली हवा आपणच सोडायची. हे वाक्य पत्रकात शोभलं असतं. असो.

तर गेल्या वर्षीचा श्रावण.

बबनतात्यांच्या खाचरांच्या वर एक गवताळ चढ आहे, आणि चढाच्या वर धनगरांची वस्ती. पंधरा-सोळा घरं, शेळ्या, मेंढ्या, थोडी नाचणी. वस्तीवरून चढ उतरून, बांधावरून रस्त्याला यायला वीस मिनिटं लागतात. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तो चढ कुणीतरी प्लॉटिंगला घेतला. खाली, बांध जिथे चढाला लागतो तिथे, लोखंडी गेट बसलं, कुलूप लागलं, दोन्ही बाजूंना तारा आल्या. वस्तीला राहिली फक्त वरची वाट. कातळावरून डोंगराला वळसा घालून खाणीच्या रस्त्याला लागणारी. दीड तास.

वस्तीच्या नावानं आम्ही तालुक्याच्या कचेरीत अर्ज केला. वहिवाट आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची, ती अडवता येत नाही. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, वाट वापरात दिसली पाहिजे. मी ते वाक्य धरून बसले. दुसऱ्या दिवशी बटण टायर बसवले आणि रोज सकाळी कामाआधी बांधावरून वर जायचं ठरवलं. चाकाचे ठसे उमटले पाहिजेत. कचेरीतल्या साहेबाला दिसले पाहिजेत.

त्या सकाळी अजून आठवतात. खरं तर आठवू नयेत असं वाटतं, इतक्या त्या चांगल्या होत्या. आवणी, म्हणजे भाताची लावणी, नुकतीच उरकलेली. रोपं पाण्यात उभी, अजून हिरवी व्हायची की पिवळी राहायची ते न ठरलेली, आणि प्रत्येक खाचरात एकेक आभाळ. बांधावर तेरड्याची रोपं. खेकड्यांची बिळं, त्यांच्या तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या रचलेल्या. मोटर बंद करून पायडल मारलं की टायर चिखलातून सुटताना बारीक चुटचुट आवाज यायचा, जेवताना लहान मूल करतं तसा. मागे वळून बघितलं की बांधाच्या डोक्यावर माझ्या चाकाची नक्षी, चौकोन, चौकोन, चौकोन, थेट रस्त्यापर्यंत. मला त्या नक्षीचा अभिमान वाटायचा. सही केल्यासारखं वाटायचं.

आणि बांधाच्या वरच्या टोकाला, गेटाच्या अलीकडे, वाटेवर आडवी टाकलेली काटी. करवंदीची. काटेरी फांद्यांची हातभर जाड जुडी, नीट दाबून बसवलेली.

पहिल्या दिवशी मी ती ओढून कडेला फेकली. सायकल तारेवरून पलीकडे टाकली, स्वतः तारेखालून गेले, वर वस्तीवर जाऊन सह्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी काटी परत जागेवर. तिसऱ्या दिवशी परत, आता वर एक दगड. पुढच्या चाकात काटा गेला. पंक्चर. चौथ्या दिवशी मागच्या. नौशादभाई ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत म्हणाला, “मॅडम, कोणी दुश्मनी काढतंय का?”

“काढतंय,” मी म्हणाले.

कोण काढतंय याबद्दल मला शंकाच नव्हती. गेट त्यांचं, तारा त्यांच्या, काटे दुसऱ्या कुणाचे असणार? मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. ‘वाटेवर काटे पेरणाऱ्यांना जाब विचारा.’ मथळा मलाच इतका आवडला की दोनदा मोठ्यानं वाचला. आत लिहिलं की बारमाही वापरातली वाट आधी गेट लावून आणि आता काटे टाकून बंद करण्यात येत आहे. खाली एकच मागणी: तात्काळ पाहणी. पाचशे प्रती. घोटावड्यात, पिरंगुटात, रिह्यात, बसथांब्यावर. तालुक्याच्या कचेरीत तर मी स्वतः टेबलाटेबलावर ठेवली.

‘तात्काळ’ या शब्दाला यश येतं कधीकधी. पुढच्याच आठवड्याची तारीख मिळाली. मी पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

पाहणीच्या दोन दिवस आधी रात्रभर पाऊस लागला. सकाळी मी नेहमीसारखी आले तर तात्या बांधावर उकिडवे बसलेले. वय सत्तरीच्या पुढचं, डोक्यावर इरलं, हातात फावडं. त्यांच्यासमोर बांधाला दोन हात रुंद खिंडार पडलेलं आणि त्यातून पाणी खालच्या खाचरात आणि तिथून ओढ्यात जात होतं. वरची रोपं आडवी झाली होती, मुळं उघडी. ओल्या मातीवर खिंडाराच्या दोन्ही बाजूंना माझी नक्षी होती. चौकोन, चौकोन, मग मधे काहीच नाही, मग पुन्हा चौकोन.

तात्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “ही नक्षी कुनाची गं?”

मी सायकलवरून उतरले.

“चाकानं चर पडला, चरानं पानी धरलं, पान्याला खेकड्याचं बीळ घावलं. झालं.” त्यांनी फावड्यानं एक ढेकूळ उचलून खिंडारात टाकलं. ते वाहून गेलं. “माझा बा या बांधावर पावसात जोडा घालून कदी चालला न्हाई. अनवानी चालायचा, त्ये बी बोटांवर. आन तू रोज मोटार घालतीयास.”

“तात्या, वाट वापरात दिसायला पाहिजे म्हणून…”

“दिसली की. बग, कशी दिसतीया.”

मी म्हणाले, मी मदत करते, माती टाकते. ते म्हणाले, “तू जा. आन त्या पाहनीला मी येनार न्हाई. सही बी मागू नगंस.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं.

पाहणीच्या दिवशी साहेब आले. प्यांट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चप्पल हातात. वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम लिहिते, कारण वाईट असता तर ही गोष्ट मला सांगायला सोपी गेली असती. प्लॉटिंगवाल्यांचा मॅनेजर छत्री घेऊन गेटाच्या आत उभा. आमच्या बाजूनं मी, आणि वस्तीवरून ठमामावशी.

ठमामावशीबद्दल सांगते. पन्नाशीची बाई. शेळ्या राखते, आवणी-कापणीला तात्यांच्याच खाचरात मजुरीला येते, वस्तीवर तिच्या शब्दाला मान आहे. अर्जावर पहिला अंगठा तिचा. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते आणि खोटं बोलत नाही. मला तिचा हा गुण फार मोलाचा वाटला होता.

साहेबांनी बांधाचं खिंडार बघितलं, लिहिलं. चढावरचं गवत बघितलं, मांडीइतकं उंच, त्यातून एकाच सायकलची वाकडीतिकडी रेघ. लिहिलं. मग काटीपाशी थांबले. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं. त्यांनी ते पूर्ण वाचलं. माझं पत्रक सरकारी माणसानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

“हे काटे कोणी टाकले?” त्यांनी विचारलं.

मी मॅनेजरकडे बोट करायला हात उचलला होता. तेवढ्यात ठमामावशी म्हणाली, “म्या.”

मी हात खाली घेतला.

“तुम्ही?”

“व्हय. आमीच टाकतो. आवनी झाली की टाकायची.”

“म्हणजे वाट तुम्हीच बंद केली?”

“व्हय की. पाऊस हाय न्हवं.”

“साहेब, तेवढं लिहून घ्या,” मॅनेजर म्हणाला. हसलासुद्धा नाही. साहेबांनी लिहून घेतलं. ‘पाऊस हाय न्हवं’ मात्र कागदावर आलं नाही. तिच्या दृष्टीनं सगळं कारण त्या तीन शब्दांत होतं, साहेबांच्या दृष्टीनं त्या गप्पा होत्या. तात्या असते तर त्यांनी ते तीन शब्द उलगडून सांगितले असते. तात्या रस्त्यापलीकडे गोठ्यात बसले होते, माझ्यामुळे. मला तर त्या शब्दांचा अर्थ तेव्हा माहीतच नव्हता. माझं पत्रक साहेबांनी घडी घालून फायलीला जोडलं.

परतताना मी ठमामावशीवर चिडले. लाज वाटते, पण चिडले. “मावशी, काटी तुम्ही टाकता हे मला आधी सांगायचं ना!”

“मला वाटलं रानडुकरं वडत्यात काटी,” ती म्हणाली. “रोज वडलेली असायची. म्हनून दगुड ठिवला वर.”

“अहो, पण टाकता कशाला?”

मग तिनं सांगितलं. आवणी संपली की शेवटच्या दिवशी वस्तीवरची माणसं चिखलाचे हात धुतात, वाटेवर काटी आडवी टाकतात, आणि वरच्या वाटेनं घरी जातात. तिथून कापणीपर्यंत बांधाला शेळीचा खूर लावायचा नाही, डोक्यावर भारा घेऊन यायचं नाही. ओला बांध फुटतो. भात तात्यांचं, पण त्या भाताची मजुरी आणि पेंढा वस्तीचा. चार महिने दीड तासाचा वळसा त्यांनी स्वतःहून घेतलेला, कुणी न सांगता, पिढ्यान्‌पिढ्या. आणि मी लिहिलं होतं ‘बारमाही’.

“इतके दिवस वर येत होते मी. एकदा तरी बोलायचं.”

“तू इचारलंस कुटं? तू नुसती सांगत व्हतीस.”

तिनं हे रागानं म्हटलं नाही. उन्हात वाळत घातलेलं कापड उचलावं तसं सहज म्हटलं.

अर्ज फेटाळला गेला. अर्जदारांनी वाट स्वतःच बंद केल्याचे सांगितले, वापर आढळून येत नाही. दिवाळीच्या आधी तारांच्या जागी सहा फुटी भिंत आली. तेव्हापासून वस्ती बारा महिने कातळावरून चालते. वस्तीवरच्या दोन मुलींनी आठवीतून शाळा सोडली. ठमामावशीची सून आता गरोदर आहे, मार्गशीर्षात दिवस भरतात. कातळावरून तिला कसं न्यायचं यावर वस्तीवर रोज बोलणं निघतं आणि माझी चाहूल लागली की थांबतं. मला ते थांबणं ऐकू येतं.

अपील केलं. हेलपाटे घातले. फेरपाहणीचा आदेश मिळाला, पण पाहणी यंदाचं पीक निघेल तेव्हा. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो फक्त हिशेब, की तोपर्यंत अजून किती वेळा हा डोंगर चढायचा. मी सव्वीस वर्षांची आहे आणि कधीकधी कोर्टाच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी मला घरच्यासारखं वाटतं.

वकीलबाई यंदाही म्हणाल्या, “बांधावर खुणा राहू देत. चाकाच्या, पायाच्या. फोटो काढून ठेव.” त्यांचं चूक नाही. कायद्याला खूण लागते. न उमटलेली खूण दाखवायची कशी, हे त्यांना शिकवलं नाही आणि मलाही.

तर हा असा प्रश्न घेऊन मी नौशादभाईच्या दुकानात उभी होते. बटण टायर म्हणजे बांध. फोटो, खुणा, पुरावा. दुसरा टायर म्हणजे खाणीच्या रस्त्यानं लांबचा वळसा, वर कातळाखाली सायकल लावून अर्धा तास पायी, आणि बांधावर काहीच नाही. बाहेर पाऊस थांबला होता. समोरच्या इमारतीचा वॉचमन पाणी झाडूनं रस्त्यावर लोटत होता.

“खाणीचा रस्ता,” मी म्हणाले. “आणि काँक्रीट, डांबर. चिखल नाही.”

“पक्का?”

“पक्का.”

त्यानं भिंतीवरून एक टायर काढला. फार रुंद नाही. मधे सलग पट्टी, गुळगुळीत, काँक्रीटवर पळायला. कडेला बारीक नक्षी, खडीवर वळताना धरायला. अंगठ्यानं दाबून दाखवला. “हा घ्या. सगळीकडे थोडा थोडा चलेगा. कुठेच बढिया नाही, कुठेच धोका नाही. आत काटा अडवायची जाड पट्टीवाला पण आहे. तो हवा?”

“नको,” मी म्हणाले. “यंदा काट्यावरून जायचं नाहीये.”

नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघताना राहिलेले. लहानपणी भावाच्या सायकलचे मी ते एकेक करून उपटायचे. नौशादभाई टायर रिमवर चढवत होता आणि मी नकळत एक केस ओढून तोडला.

वस्तीवर मी त्या रस्त्यानं आता दर आठवड्याला जाते. खाणीची खडी टायरखाली भाजलेल्या फुटाण्यांसारखी वाजते. पाणी साचलेल्या खाणीत ढग पडलेले असतात आणि कडेला सोनकीची पिवळी फुलं, कुणी न बोलावता आलेली. कातळावर शेवाळं. चालताना बोटं आवळावी लागतात. यंदाची काटी मी वरूनच पाहिली. आवणी संपल्यावर ठमामावशी दीड तासाचा वळसा घेऊन खाली उतरली, भिंतीच्या पायथ्याशी, बांधाच्या टोकाला करवंदीची जुडी टाकली, दगड ठेवला आणि तशीच परत वर आली.

मला राहवलं नाही. “मावशी, वर भिंत आहे. येणारच नाही कुणी. काटी कशाला?”

ती म्हणाली, “भित त्यांची. काटी आमची.” आणि शेळीच्या पायात रुतलेला खडा काढत बसली.

गेल्या रविवारी मी तात्यांकडे गेले. वर्षभर गेले नव्हते. सही मागायला जाणार होते, कोरा कागद पिशवीत होता. रस्त्यावर सायकल उभी केली. तात्या खाचरांच्या मधोमध, गवत काढत. भात गुडघ्याच्या वर आलं होतं आणि वाऱ्यानं त्यातून रेघा जात होत्या. बांधाच्या पलीकडच्या टोकाला काटी दिसत होती, काळपट, पावसानं बसलेली, मागे पांढरी भिंत.

तात्यांनी मान वर केली. मग म्हणाले, “ये की हिकडं.”

मी जागची हलले नाही.

“काय गं, ऐकू येत न्हाई? ये म्हनलं.”

“बांधावरून?”

“मग काय उडत येतीस?”

“काटी पडलीय, तात्या.”

ते बघत राहिले. काटीकडे, मग माझ्या पायांकडे, मग सायकलकडे. हातातलं गवत पाण्यात झटकलं. मग स्वतःच निघाले, बांधाच्या कडेकडेनं, खाचरातल्या पाण्यातून, अनवाणी, बोटांवर. रस्त्यावर येऊन सायकलपाशी वाकले. चिखलाच्या अंगठ्यानं टायर दाबला.

“यंदा नक्षी दिसली न्हाई म्हनून बगत व्हतो.”

“बदलला टायर.”

“ह्यो बरा हाय.” टायरवर त्यांच्या अंगठ्याचा चिखल राहिला. “वर कुटनं जातीस मग?”

“खाणीकडून.”

“लांब पडतं की.”

“पडतं.”

ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर टेकले. मी कागद काढणार होते. पिशवीच्या बंदावर हात गेलाही होता. मग काढला नाही. त्याऐवजी विचारलं, “तात्या, काटी टाकतात वस्तीवरचे. उचलतं कोण?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आत्ता कुठे पहिल्यांदा आलेय.

“आमी,” ते म्हणाले. “टाकायची त्यांनी, उचलायची आमी. पैलं खाचर कापून झालं की मी जाऊन उचलतो. माझा बा उचलायचा. काटी उचलली की वर हाळी द्यायची, मग त्यांच्या शेळ्या खाली येत्यात. आधी न्हाई.” मग म्हणाले, “गेल्या साली उचलली न्हाई. तुझा राग व्हता. राग तुझा, आन वाट त्यांची गेली.”

आम्ही दोघं भिंतीकडे बघत होतो. एका बगळ्यानं भातातून मान वर काढली, परत खाली घातली.

“त्या सायबाला बोलीव औंदा,” तात्या म्हणाले. “उचलताना बगू दे. कोन टाकतं, कोन उचलतं, का टाकत्यात, समदं सांगतो. माझ्या रानातनं जात्यात, मी सांगितल्यावर कोन न्हाई म्हनंल?”

म्हणतील. भिंतवाले म्हणतील, त्यांचा वकील म्हणेल, आणि मार्गशीर्ष कुणासाठी थांबणार नाही. हे मला माहीत होतं आणि तात्यांनाही असणार. पण वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी ती गोष्ट पूर्ण सांगायला तयार होतं, मधे न तोडता.

“कधी बोलावू?” मी विचारलं.

“भात पिवळं पडंल तवा.”

“म्हणजे तारीख…”

“तारीख त्याला इचार,” ते खाचराकडे हात करून म्हणाले, आणि उठून परत पाण्यात उतरले.

मी लांबच्या रस्त्यानं परत आले. खडीवर, मग डांबरावर, मग काँक्रीटवर. भूगावच्या उतारावर पुन्हा सर आली. ब्रेक दाबला, चाक थांबलं. टायरचे केस एव्हाना सगळे झडले होते. तात्यांच्या अंगठ्याचा चिखलही कुठेतरी वाटेत धुऊन गेला होता.

दुकानात येऊन नवं पत्रक लिहायला घेतलं. ‘काटी उचलायला या.’ खाली एवढंच, की बांधावर कुणी चढू नये, रस्त्यावर उभं राहून बघावं. वस्तीला वाट कुठल्या महिन्यात लागते आणि कुठल्या महिन्यात ती विसावते, दोन्ही लिहिलं. ‘तात्काळ’ टाईप झालं होतं, सवयीनं. खोडलं. तारखेच्या जागी नुसती रेघ ठेवली आहे. भात अजून हिरवं आहे.